वाफ जिरेपर्यंत

ताई, नमस्कार. मी डोंबिवलीला राहते, नोकरी लोअर परळला, एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये. सकाळी पावणेआठला घर सोडते ते रात्री साडेआठला परत. लेक पाच वर्षांची, सीनियर केजीत, इंग्रजी माध्यम. शाळेच्या पालकसभेत सांगितलं की रोज रात्री वीस मिनिटं मुलांना पुस्तक वाचून दाखवा. एक तक्ता दिलाय, त्यावर रोज सही करायची. मी आठवड्याच्या सगळ्या सह्या रविवारी एकदम ठोकते. सगळं आवरून अंथरुणाला पाठ टेकते तेव्हा साडेदहा वाजलेले असतात आणि दोन पानांत माझाच डोळा लागतो. मागच्या आठवड्यात कोल्ह्याच्या गोष्टीत मध्येच मी म्हणाले म्हणे, "मग त्याची एंट्री रिव्हर्स करावी लागेल." लेक आधी खूप हसली. मग मला हलवत राहिली. मग तिने स्वतःच पुस्तक मिटलं, उशाशी ठेवलं आणि आजीकडे जाऊन झोपली. नवरा अंबरनाथला कंपनीत आहे, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. सासूबाई गोष्टी सांगतात, पण त्या रत्नागिरीकडच्या, भुताखेतांच्या आणि सावत्र आयांच्या. त्यांची भाषाही गावची. तिच्या मनावर काय परिणाम होईल? त्यापेक्षा यूट्यूबवरच्या गोष्टी लावून दिल्या तर चालेल का? शिवाय तिला रोज तेच ते हत्तीचं पुस्तक हवं असतं. कंटाळून मी ते कपाटावर लपवून ठेवलंय. ऑफिसातली एक मैत्रीण मुलाच्या 'रीडिंग कॉर्नर'चे फोटो स्टेटसला टाकते, ते बघून मला रडू येतं. वेळ कुठून काढू?
– एक आई, डोंबिवली

अगं, तुला एकेरीतच लिहिते, माझ्या भाचीच्या वयाची असशील.

आधी कबूल करते, एंट्री रिव्हर्स झाली तिथे मी मोठ्याने हसले. मग पुढचं वाचलं. तिने स्वतःच पुस्तक मिटलं. तिथे हसू थांबलं आणि मी ते वाक्य परत वाचलं. पाच वर्षांच्या मुलीने पुस्तक भिरकावलं नाही की भोकाड पसरलं नाही. मिटलं आणि उशाशी ठेवलं. पुस्तक नकोसं झालेलं मूल असं वागत नाही. उशाशी ठेवलेलं पुस्तक म्हणजे उद्या परत मागणार. तेव्हा तिच्या वाचनाची काळजी सोड, तिची भूक शाबूत आहे. प्रश्न तुझ्या झोपेचा आहे आणि थोडा तुझ्या हिशेबाचा.

हिशेब तुझाच विषय, म्हणून तसंच बोलू. साडेआठला घरात. हातपाय धुवून कुकर. सव्वानऊला जेवणं. मग ओटा, उद्याच्या डब्याची भाजी निवडणं, युनिफॉर्म, पाण्याच्या बाटल्या, सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी विचारलेलं काहीतरी. साडेदहाला गोष्ट. सगळी देणी भागवून तळाशी जे उरेल ते गोष्टीच्या खात्यात, आणि उरतं काय, तर तुझी पेंग. वेळ काढायचा कुठून असं तू विचारतेस, पण त्या घरात नवी वीस मिनिटं कुठूनही निघणार नाहीत. मी ती शोधायला सांगणारही नाही. पहाटे अर्धा तास लवकर ऊठ असं सांगणाऱ्या सल्लागारांना एकदा सकाळी पावणेआठला डोंबिवलीच्या तीन नंबरच्या फलाटावर उभं करायला हवं.

नोंदीची जागा तेवढी बदलायची आहे.

तुझं कुकर लावणं घे. तीन शिट्ट्या होतात, तू गॅस बंद करतेस. नंतर वाफ जिरायला दहा-बारा मिनिटं लागतात. त्या वेळात तू काय करतेस? मी सांगते, कारण मी तेच करत होते. ओटा पुसतेस, ताटं काढतेस, फोन बघतेस, मध्येच झाकण हलवून बघतेस. ती दहा मिनिटं आधीच तुझ्या घरात आहेत, कोणाकडून उसनी आणायची नाहीत. गॅस बंद केलास की खाली बस. स्वयंपाकघरातच, फरशीवर, ओट्याला पाठ टेकून. लेकीला पुस्तक घेऊन तिथेच बोलव. सोळा पानांचं चित्रांचं पुस्तक सावकाश, चित्रं दाखवत वाचलं तरी सहा-सात मिनिटांच्या वर जात नाही. घड्याळ लावून बघ एकदा. दिवा लख्ख असतो, तू जागी असतेस, पोटात भूक असते त्यामुळे पेंग येत नाही. आणि मुख्य म्हणजे दिवसभरानंतर आई घरात आली ती आधी आपल्याकडे आली, एवढं त्या पोरीला कळतं.

चिऊ-काऊची गोष्ट तुला येतेच. शेणाचं घर वाहून गेलेला कावळा भिजत दाराशी उभा असतो आणि चिऊताई आतून म्हणते, थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालू दे. थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे. थांब, माझ्या बाळाला झोपवू दे. लहानपणी मी नेहमी चिऊताईच्या बाजूने असायचे, स्वच्छ, मेणाच्या घरात राहणारी, कामसू बाई. माझी मुलगी चार-पाच वर्षांची असताना एका रात्री ही गोष्ट सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की आमच्या घरातला कावळा ती आहे. संध्याकाळपासून दाराशी उभी आहे आणि मी आतून म्हणतेय, थांब, भाजी फोडणीला घालू दे, थांब, कपडे वाळत घालू दे. तुला टोचावं म्हणून हे सांगत नाही. माझ्याकडून झालं म्हणून सांगतेय.

आता थोडं माझ्या वडिलांबद्दल. विषयांतर वाटेल, पण तुझं ऑफिस लोअर परळला आहे म्हणून आठवलं. तुमच्या त्या काचेच्या इमारती जिथे उभ्या आहेत तिथे गिरण्या होत्या, आणि त्यातल्याच एका गिरणीत बाबा साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. आम्ही लालबागला चाळीत. बाबांची पाळी बदलत राहायची, अगदी तुझ्या नवऱ्यासारखी. रातपाळीच्या आठवड्यात आम्ही झोपताना ते घरात नसायचे, त्यामुळे झोपतानाची गोष्ट वगैरे प्रकारच नव्हता. ते सकाळी यायचे, केसांत कापसाचे तंतू, हातात पावाची पुडी. आम्ही भावंडं अजून अंथरुणातच. आई त्यांच्या अंघोळीचं पाणी स्टोव्हवर ठेवायची आणि ते पाणी तापेपर्यंत बाबा शर्टसुद्धा न काढता आमच्या पायथ्याशी बसून गोष्ट सांगायचे. एकच गोष्ट, कित्येक महिने चाललेली. एक चोर होता, तो फक्त डाव्या पायाच्या चपला चोरायचा. का, ते बाबांनी कधी सांगितलं नाही. पाणी तापलं की गोष्ट थांबायची, मग चोर पोलिसाच्या हातात असो की देवळाच्या कळसावर.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. मी बारा वर्षांची होते, धाकटा भाऊ पाच. आता बाबा रोज रात्री घरी. सकाळी घरी, दुपारी घरी. वेळच वेळ. आणि गोष्टी बंद झाल्या. भावाने एकदा विचारलं, चोराचं पुढे काय झालं? बाबा म्हणाले, पकडला त्याला. झालं, संपली गोष्ट.

त्यामुळे वेळ असला की गोष्ट होते यावर माझा विश्वास नाही. पाणी तापेपर्यंतच्या वेळात होते, हे मात्र पाहिलंय.

नवऱ्याचं यातून आपोआपच सुटतं. फर्स्ट शिफ्ट असेल त्या आठवड्यात तो तुझ्या आधी घरी येतो, मग रात्रीची गोष्ट त्याची. सेकंडला सकाळी घरी असतो, शाळेची बस यायच्या आधीची पाच मिनिटं त्याची, बूट घालता घालता. नाइट करून आलेल्या माणसाला मात्र छळू नकोस, तो झोपून उठला आणि लेक शाळेतून आली की दुपारी काय ते बघतील दोघं. "त्याला जमत नाही गं, तो सपाट वाचतो" असं म्हणू नकोस. पुरुषांना गोष्ट वाचता येत नाही ही आपणच पसरवलेली अफवा आहे. सपाट वाचू दे, लेकीला चालतं. उलट मी असे बाप पाहिलेत जे पुस्तकातला एकही शब्द बदलत नाहीत, आणि मुलांना तेच आवडतं, कारण आई पानं गाळते हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

आता सासूबाई. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तुझ्या पत्रात हा भाग तू तक्रारीसारखा लिहिला आहेस आणि मला त्या घरातली ती सगळ्यात मोठी मिळकत वाटते.

वाचणं वेगळं आणि सांगणं वेगळं. वाचायला उजेड लागतो, पुस्तक लागतं, उघडे डोळे लागतात. सांगायला अंधार चालतो, किंबहुना अंधारच बरा. तुझ्या शाळेने दोन्हींना एकाच तक्त्यात कोंबलं आणि तू साडेदहाला, दिवा लावून, चष्मा घालून, थकलेल्या डोळ्यांनी वाचायला बसलीस. ते जमणारच नव्हतं. पुस्तक कुकरजवळ होऊ दे. रात्री दिवा घालवल्यावर आजीची सांगायची गोष्ट होऊ दे. दोन्ही तुलाच करायला हवीत असं कुठे लिहिलंय? लेक तुझ्या कुशीतून उठून आजीकडे गेली याचं तुला वाईट वाटलं, ते पत्रात लिहिलं नाहीस तरी दिसतंय. पण ती कुठे गेली, तर जिथे गोष्ट जागी होती तिथे. घरात अशी दुसरी जागा असणं किती जणींच्या नशिबी असतं?

भुतांचं म्हणशील तर पाच वर्षांच्या मुलाची भीती खरी असते, तिला हसू नये. पण आजीच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकलेलं भूत आणि पडद्यावर पाहिलेलं भूत यांत फरक आहे. पडद्यावरचं भूत दुसऱ्या कोणीतरी काढलेलं असतं, ते जेवढं अक्राळविक्राळ तेवढंच दिसतं, मूल त्याला लहान करू शकत नाही. आजीच्या तोंडचं भूत मूल स्वतःला झेपेल तेवढ्याच उंचीचं बनवतं. आणि वाटेल तेव्हा "आजी, ते गेलं का?" असं विचारता येतं. आजी म्हणते, गेलं. विषय संपला. लेक रात्री दचकून उठत असेल किंवा बाथरूमला एकटी जायला घाबरायला लागली असेल तर सासूबाईंना सरळ सांग, भुतं दुपारी काढा, रात्री वाघ आणि म्हातारी चालू दे. बंदी घालू नकोस. सूनबाईने गोष्टींना बंदी घातली की आजी गप्प होते आणि मग टीव्ही लागतो, हे मी चार घरांत पाहिलंय.

सावत्र आया आणि नावडत्या राण्यांचंही तसंच. मुलं त्यातून सावत्र आई शिकत नाहीत. कोणीतरी अन्याय करतं आणि शेवटी ते उघडकीला येतं, एवढंच घेतात. शाळेत बाजूच्या मुलाने डबा खाल्ला आणि बाईंनी हिलाच ओरडलं, तेव्हा त्यांना तेच उपयोगी पडतं.

आणि भाषा! अगं, पडवी, खळं, पाणंद, वई. तुझ्या डोंबिवलीच्या वन बीएचकेत हे शब्द दुसरीकडून कुठून येणार? दिवसभरात आपण पोरांशी काय मराठी बोलतो ते एक दिवस ऐकून बघ. ऊठ. दात घास. दूध संपव. बूट कुठायत. आवर. बस येईल. सगळं आज्ञार्थी. त्यात "तेवढ्यात काय झालं" नाही, "इकडे राजा वाट बघतोय" नाही, "होता होता संध्याकाळ झाली" नाही. लांब वाक्य, ज्यात आधी एक होतं आणि मग दुसरं, ते मुलांना गोष्टीतच भेटतं, तोंडच्या असो की पुस्तकातल्या. इंग्रजी माध्यमातल्या मुलीला तर घरची मराठी एवढीच मिळणार आहे. सासूबाईंची भाषा अशुद्ध नाही. ती त्यांच्या गावची आहे आणि नातीच्या वाट्याला हक्काने येते.

तक्त्यावरच्या खोट्या सह्या बंद कर. पापपुण्याचा प्रश्न नाही, लेक लवकरच वाचायला शिकेल आणि तो तक्ताही वाचेल. बाईंना चार ओळींची चिठ्ठी लिही: आठवड्यातून चार दिवस आई वाचते, बाकी दिवस आजी सांगते किंवा बाबा. वीस मिनिटं होत नाहीत, आठ होतात. बहुतेक बाईंना हे चालतं. त्यांना स्वतःला घरी मुलं आहेत, त्याही कुकर लावतात. पुस्तक इंग्रजीच हवं असं शाळेने म्हटल्याचं तू लिहिलेलं नाहीस, तेव्हा तसं स्वतःच धरून चालू नकोस. ज्या भाषेत तुला लटके आवाज काढता येतात त्या भाषेत वाच.

आणि वाचताना परीक्षा घेऊ नकोस. "हा कोणता रंग? किती फुगे आहेत? मोजून दाखव बरं. मग आपण यातून काय शिकलो?" हे गोष्टीत मिसळलं की मुलं पुस्तक बघूनच सावध होतात. मी आमच्या गल्लीत शनिवारी मुलांसाठी पुस्तकांची पेटी उघडते, बरीच वर्षं झाली. तिथे गोष्ट संपली की एक मुलगा विचारायचा, "आता प्रश्न आहेत का?" नाहीत म्हटल्यावर तो सैल होऊन मांडी घालून बसायचा. तात्पर्य सांगायची सवय आपल्याला इसापनीतीपासून लागली आहे. पोरांना तात्पर्य नको असतं, त्यांना कोल्हा हवा असतो. तिने काही विचारलं तर मात्र थांब, उत्तर दे, पुस्तक राहिलं तर राहू दे. एका चित्रावर सगळी वाफ जिरली तरी हरकत नाही.

हत्तीचं पुस्तक. मुलं तेच ते का मागतात यावर इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटा प्रयोग केला होता, 2011 मध्ये तो प्रसिद्ध झाला. तीन वर्षांची मुलं घेतली. काहींना आठवडाभर त्याच गोष्टी परत परत वाचून दाखवल्या, काहींना वेगवेगळ्या. नवे शब्द दोन्हीकडे सारख्याच वेळा कानावर पडतील अशी व्यवस्था केली होती. ज्यांनी त्याच गोष्टी ऐकल्या त्यांच्या ते शब्द जास्त लक्षात राहिले. मला यात नवल वाटलं नाही. पुढे काय होणार ही काळजी मिटली की मूल बाकीचं बघायला मोकळं होतं. पहिल्या वेळेला हत्ती दिसतो. सातव्या वेळेला हत्तीच्या मागच्या झाडावरची खार दिसते. कंटाळा आपल्याला येतो, हे खरंच आहे. त्यावर माझा उपाय असा की मी एखादा शब्द मुद्दाम चुकवायचे. हत्तीऐवजी म्हैस म्हणायचे. मग जो आरडाओरडा व्हायचा त्याने माझीही झोप उडायची.

यूट्यूब. नुसता आवाज ऐकायचा असेल, पडदा पालथा ठेवून, तर कधीतरी चालेल. गाडी तासभर उशिरा आहे, सासूबाई गावाला गेल्यात, अशा दिवशी काय करणार? पण झोपायच्या आधी तासभर पडदा डोळ्यांपुढे नको असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि ते सोडलं तरी मोबाइलवरची गोष्ट थांबत नाही, ही तिची खरी अडचण. "थांब ना, खार कुठे गेली?" असं तिला विचारता येत नाही. आणि एक गोष्ट संपली की दुसरी आपोआप सुरू. त्यापेक्षा नवऱ्याला सांग, सेकंड शिफ्टच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत दोन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठव. मागे मशिनची घरघर आली तरी येऊ दे.

पुस्तकं आणायची कुठून हे तू विचारलं नाहीस, पण घरात एक हत्ती आणि एक कोल्हाच आहे असं दिसतंय. ज्योत्स्ना प्रकाशनाची माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं बघ, 'यश'ची, 'राधाचं घर'. त्यात रोजचं घर असतं, रोजची माणसं, आणि चित्रं अशी की तुलाही बघत बसावंसं वाटेल. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालयातली पुस्तकं स्वस्त असतात. प्रथम बुक्सने 2015 मध्ये स्टोरीवीव्हर नावाचं संकेतस्थळ सुरू केलं, त्यावर मराठी गोष्टी चित्रांसकट फुकट वाचता येतात, उतरवून घेता येतात, छापताही येतात. ऑफिसच्या प्रिंटरवर छाप असं मी सदरात लिहू शकत नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय, ते मात्र अजून तीन-चार वर्षांनी. आणि घराजवळच्या ग्रंथालयात मुलांचा विभाग आहे का ते विचार. असला की बहुतेक वेळा कपाटाला कुलूप असतं, चावी मागावी लागते. माग.

येताना गाडीत काय करतेस? तिघींच्या बाकावर चौथी सीट मिळाली आणि डोळे मिटत असतील तर झोप, मुकाट झोप, ठाण्यापर्यंत का होईना. पण एखाद्या दिवशी तरतरी असेल तर फोनवर लेकीसाठीची एक गोष्ट आधी तूच वाचून घे. चार मिनिटांचं काम. घरी गेल्यावर पुस्तक लागत नाही, तोंडी सांगता येते, आणि आपण आधी वाचलेली गोष्ट वाचताना अडखळत नाही. हे मी रोज कर म्हणत नाही.

रोज काहीच म्हणत नाही, खरं तर. महिनाअखेरीला तुमचं क्लोजिंग असणार, मेगाब्लॉक असणार, लेकीला ताप असणार. गोष्ट राहिली तर राहिली. दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई करू नकोस, ते व्याज लागू नाही. एक मात्र कर, गोष्टीला शिक्षेत ओढू नकोस. "भाजी संपवली नाहीस तर आज गोष्ट नाही." हे वाक्य आपण सगळ्यांनी उच्चारलंय. भाजी त्याने संपते, पण मग गोष्ट चॉकलेटच्या रांगेत जाऊन बसते.

मैत्रिणीच्या रीडिंग कॉर्नरचं सांगते. तसला कोपरा मी एका घरी प्रत्यक्ष पाहिलाय. छोटा तंबू, दिव्यांची माळ, उंचीनुसार लावलेली पुस्तकं. मुलगा सोफ्याखाली पालथा पडून जुनी रद्दीची पुरवणी बघत होता. तुझी मैत्रीण मुलाला वाचून दाखवत असेल तर छानच आहे, पण फोटो काढायला तिसरं कोणीतरी लागतं किंवा वाचणं थांबवावं लागतं, एवढं लक्षात ठेव आणि तिचं स्टेटस म्यूट कर.

आता शेवटचं, कपाटावरचं. लपवलेलं पुस्तक पोरांना कुठे आहे ते माहीत असतं, फक्त हात पुरत नाही. आज घरी गेलीस की ते खाली काढ, धूळ पुस आणि तिच्या हातात दे. कुठे होतं असं विचारलं तर खरं सांग, मला कंटाळा आला होता म्हणून ठेवलं होतं. मग कुकर बंद करून खाली बस आणि म्हण, आज तू मला वाचून दाखव. अक्षरं तिला अजून येत नसतील, पण हत्ती पाठ असणार. तू ओट्याला टेकून ऐक. डोळा लागलाच तर लागू दे, पुस्तक मिटून ठेवायचं तिला येतं.